वैद्याचे आजारपण : एका गुप्ततेचा इतिहास



या व्यासपीठावरून मी संतवाङ्मयाविषयी किंवा बडोद्याच्या मराठी वाङ्मयीन परंपरेविषयी बोलावे, अशी आपली अपेक्षा असणार. ती आज मी पुरी करीत नाही. डॉक्टर आजारी पडले म्हणजे ते कोठे जातात, असा एक प्रश्न मी गेली काही वर्षे मनाशी धरून आहे. माझ्या नावामागचे 'डॉ.' हे पीएच.डी.चे आहे, वैद्यकाचे नाही. तेव्हा या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार काय, हे प्रथम सांगितले पाहिजे.

१९८६ सालची गोष्ट. मी तेव्हा पस्तिशीच्या घरात होतो. एके दिवशी माझ्या नावाने मुंबईहून एक अंतर्देशीय पत्र आले. पत्नीने ते उघडले. मजकूर दोन ओळींचाच होता. डॉक्टर परगावी जाणार असल्यामुळे आपली ठरलेली वेळ पुढील आठवड्यात ढकलली आहे, तरी कृपया नोंद घ्यावी. खाली एका मनोविकारतज्ज्ञाच्या दवाखान्याचा शिक्का. मी कॉलेजातून परत आलो तेव्हा चहाचा कप समोर ठेवून तिने ते पत्र माझ्याकडे सरकवले आणि एवढेच विचारले, "अहो, मला सांगायला हवं होतंत ना?" मी त्या दवाखान्याची पायरी कधी चढलो नव्हतो. तिचा विश्वास बसायला दोन दिवस लागले, आणि माझा स्वतःचा गोंधळ निस्तरायला त्याहून अधिक.

तिसऱ्या दिवशी उलगडा झाला. माझा एक बालमित्र डॉक्टर होता. चांगली चालती प्रॅक्टिस होती. त्याला झोप येत नसे, पुढे त्याला जगणेच नकोसे वाटू लागले होते. गावात उपचार घ्यावेत तर गावातले सगळे डॉक्टर त्याचे स्नेही, औषधाचे दुकानदार त्याचेच कागद वाचणारे. म्हणून तो महिन्यातून एकदा रात्रीच्या गाडीने मुंबईस जाई. घरी सांगे, वैद्यकीय परिषद आहे. आणि दवाखान्याच्या नोंदवहीत त्याने नाव व पत्ता घातला होता माझा. "तुझंच नाव सुचलं रे," तो म्हणाला, "खोटं नाव घ्यायचं तर ते विसरून चालत नाही." त्याचे नाव मी येथे सांगणार नाही. तो या शाळेचा होता की नव्हता, हेही सांगणार नाही, आणि आपण तर्क करू नये अशी विनंती आहे. तो आता हयात नाही. वार्धक्याने, अंथरुणावर, नातवंडांच्या देखत गेला, एवढे सांगण्यास हरकत नाही.

तेव्हापासून या विषयाचे जे काही हाती पडेल ते मी वाचीत आलो. त्यातून जो इतिहास दिसला तो आपल्यापुढे ठेवतो.

रुग्णाचे गुपित वैद्याने राखावे, हा नियम फार जुना आहे. हिपोक्रेटसच्या नावाने चालत आलेल्या शपथेत तो आहे. आपल्याकडे चरकसंहितेच्या विमानस्थानात शिष्याला जो उपदेश केला आहे, त्यातही रुग्णाच्या घरातील गोष्टी बाहेर बोलू नयेत, असे बजावले आहे. परंतु वैद्य स्वतःच रुग्ण झाला तर त्याचे गुपित कोणी राखायचे, याचा विचार या दोन्ही परंपरांनी केलेला मला आढळला नाही. जणू वैद्याला दुखणे येतच नाही. दोन-अडीच हजार वर्षे हा प्रश्न प्रत्येक वैद्याने आपापल्या परीने, बहुधा खोटे बोलून, सोडविला असावा.

या खोटेपणाचे सर्वांत ठळक उदाहरण विल्यम स्ट्युअर्ट हॉल्स्टेड या अमेरिकन शल्यचिकित्सकाचे आहे. जन्म १८५२, न्यूयॉर्क. तिशीतच तो त्या शहरातील नावाजलेला सर्जन झाला होता. १८८४ च्या सप्टेंबरात कार्ल कोलर या व्हिएन्नातील तरुण डॉक्टराचा शोध हायडेलबर्गच्या नेत्रवैद्यांच्या सभेत जाहीर झाला. कोकेनचे थेंब घातले असता डोळा बधिर होतो व शस्त्रक्रिया वेदनेविना करता येते, असा तो शोध. हॉल्स्टेडने ही कल्पना पुढे नेली. मज्जातंतूच्या जवळ कोकेन टोचून हातपाय किंवा जबडा बधिर करण्याचे प्रयोग त्याने सुरू केले, आणि तेव्हाच्या रीतीप्रमाणे ते स्वतःवर व आपल्या सहकाऱ्यांवर केले. आज दंतवैद्य दाढ काढण्यापूर्वी जी सुई टोचतो, तिचे मूळ या प्रयोगांत आहे. कोकेनचे व्यसन लागते हे तेव्हा कोणाला नीट ठाऊक नव्हते. हॉल्स्टेडला ते लागले, सहकाऱ्यांनाही लागले. १८८५ मध्ये त्याने या विषयावर जो निबंध छापला, तो इतका विस्कळीत आहे की लिहिणाऱ्याची अवस्था पहिल्या वाक्यापासून ध्यानात येते. मराठीच्या उत्तरपत्रिका तपासण्यात आयुष्य घालवलेल्या मला तो निबंध वाचताना वाईट वाटले.

१८८६ मध्ये तो ऱ्होड आयलंड राज्यातील प्रॉव्हिडन्स येथल्या बटलर हॉस्पिटल या मनोरुग्णालयात दाखल झाला. तेथे त्याने नाव लावले 'विल्यम स्ट्युअर्ट'. स्वतःच्या नावातले आडनाव तेवढे गाळले. खोटे नाव घेताना माणूस फार लांब जात नाही, हे मला माझ्या मित्रावरून ठाऊक होते.

येथे थोडे विषयांतर करतो. याच १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून आपल्या आनंदीबाई जोशी पदवीधर झाल्या आणि पुढच्या वर्षीच्या फेब्रुवारीत, वयाची बावीस वर्षे पुरी होण्याआधी, पुण्यात क्षयाने गेल्या. आनंदीबाईंच्या आजाराविषयी आपण पुष्कळ लिहिले, नाटके केली, चित्रपट काढला. क्षय हा सांगण्याजोगा आजार होता. हॉल्स्टेडचा तसा नव्हता. त्याच फिलाडेल्फियात तेव्हा विल्यम ऑस्लर हा वैद्यकाचा प्राध्यापक शिकवीत होता. हॉल्स्टेडच्या गोष्टीत तो पुढे येतो.

बटलरमधून सुटल्यावर हॉल्स्टेडला कोणी जवळ केले असेल तर विल्यम वेल्च या विकृतिशास्त्रज्ञाने. त्याने त्याला बाल्टिमोरला आपल्या घरी ठेवून घेतले, आपल्या प्रयोगशाळेत काम दिले. १८८७ मध्ये हॉल्स्टेडला पुन्हा बटलरची वाट धरावी लागली, तरीही वेल्चने त्याला सोडले नाही. १८८९ मध्ये जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटल उघडले. तेथे हॉल्स्टेड मुख्य सर्जन झाला आणि १८९२ मध्ये शल्यशास्त्राचा प्राध्यापक. आधुनिक शस्त्रक्रियेतील किती गोष्टी या माणसाकडे जातात! हर्नियाची शस्त्रक्रिया, स्तनाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रिया, रक्त न सांडता हळुवारपणे ऊती हाताळण्याची शिस्त. शस्त्रक्रियागृहातील एका परिचारिकेच्या हातांना जंतुनाशक द्रावणाने फोड येत, म्हणून त्याने गुडइयर कंपनीकडून रबरी हातमोजे करवून घेतले. पुढे त्या दोघांचा विवाह झाला. आज जगातला कोणताही सर्जन हातमोज्यांवाचून उभा राहत नाही. स्वभावाने तो भित्रा, एकलकोंडा, आणि कमालीचा टापटिपीचा. त्याचे शर्ट धुण्यासाठी पॅरिसला जात.

वैद्यकीय शिक्षणात 'रेसिडेंट' ही व्यवस्था त्यानेच घडविली. तरुण डॉक्टरने रुग्णालयातच राहावे, रात्रंदिवस राबावे, वर्षानुवर्षे. आमच्या सयाजी रुग्णालयात रात्री डोळे चोळीत फिरणारी जी मुले आपण पाहतो, त्यांच्या त्या पदाचा उगम बाल्टिमोरात आहे. ज्याने ही व्यवस्था घातली तो स्वतः वारंवार रजेवर, कोठेतरी एकटा निघून जात असे, ही गोष्ट मात्र त्या व्यवस्थेबरोबर आपल्यापर्यंत आली नाही.

तो बरा झाला अशीच सर्वांची समजूत होती. ऑस्लर तोवर हॉपकिन्समध्ये त्याचा सहकारी झाला होता. त्याने रुग्णालयाच्या अंतर्गत इतिहासाचे एक खाजगी टिपण लिहून ठेवले. त्यात त्याने नोंदविले आहे की, हॉल्स्टेडला पूर्ण पद मिळाल्यानंतर काही महिन्यांनी एकदा तो थंडीने थडथडत असलेला दिसला आणि तेव्हा कळले की तो अजून मॉर्फिन घेतो. कोकेनच्या जागी मॉर्फिन आले होते, बहुधा उपचारातूनच. दिवसाला तीन ग्रेन, म्हणजे आजच्या मापाने सुमारे दोनशे मिलिग्रॅम, याखाली त्याला उतरता येत नव्हते. एवढे घेऊन तो आपले काम व्यवस्थित करी, आणि वेल्चलाही संशय नसावा, असे ऑस्लरला वाटत होते. ऑस्लर १९१९ मध्ये वारला, हॉल्स्टेड १९२२ मध्ये. ते टिपण प्रकाशात आले १९६९ मध्ये. म्हणजे ऑस्लरच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षे ते गुपित राहिले.

ऑस्लर व वेल्च यांनी योग्य केले काय? या प्रश्नाचे उत्तर मला सोपे वाटत नाही. त्यांनी वाच्यता केली असती तर शल्यशास्त्राचे अपरिमित नुकसान झाले असते. पण त्या तीस वर्षांत जे रुग्ण त्याच्या टेबलावर निजले, त्यांना कोणी विचारले होते? मैत्रीने एका माणसाचे रक्षण केले, परंतु त्याच्यावर देखरेख ठेवणारे कोणी नव्हते, आणि त्याला उपचार देणारेही कोणी उरले नाही. पुढे अमेरिकेत जे घडले ते समजून घ्यायचे तर या तीन गोष्टी, म्हणजे रक्षण, देखरेख आणि उपचार, वेगवेगळ्या ध्यानात ठेवाव्या लागतात.

मधल्या काळाविषयी थोडक्यात. १९३५ मध्ये ओहायो राज्यातील अॅक्रन गावी दारूच्या आहारी गेलेला एक सर्जन, डॉ. बॉब स्मिथ, आणि न्यूयॉर्कचा शेअरबाजारातला एक गृहस्थ, बिल विल्सन, यांच्या भेटीतून अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस उभी राहिली. त्या संस्थेच्या नावातच निनावीपणा आहे. तिच्या दोन संस्थापकांपैकी एक डॉक्टर होता, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. १९४९ मध्ये तिच्यातल्या डॉक्टरांनी आपले वेगळे मंडळही काढले. १९५८ मध्ये राज्याराज्यांच्या वैद्यक परवाना मंडळांच्या महासंघाने व्यसनाधीन डॉक्टरांचा प्रश्न प्रथमच उघडपणे मांडला, पण तो शिस्तभंगाचा प्रश्न म्हणून.

खरे वळण १९७३ मध्ये आले. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या मानसिक आरोग्य परिषदेचा एक अहवाल त्या संस्थेच्या नियतकालिकात छापला गेला. मथळ्याचा अर्थ साधा होता : 'आजारी वैद्य'. त्याचे म्हणणे असे की, मनोविकार, मद्य किंवा औषधांचे व्यसन यांनी डॉक्टर काम करण्यास असमर्थ होतो. ते ओळखण्याची व त्याला उपचारापर्यंत नेण्याची जबाबदारी त्याच्या सहव्यवसायिकांची आहे. आणि शिक्षेचा मार्ग हा अखेरचा. अहवाल पुष्कळ येतात आणि जातात. परंतु १९७५ च्या जुलैत न्यूयॉर्कमध्ये दोन जुळे भाऊ, दोघेही नामांकित स्त्रीरोगतज्ज्ञ, आपल्या घरात मृतावस्थेत सापडले. झोपेच्या गोळ्यांचे दीर्घ व्यसन होते. ते अशा अवस्थेत रुग्ण तपासत होते आणि रुग्णालयातील लोकांना बरेच काही दिसत होते, हे बाहेर आल्यावर वर्तमानपत्रांनी विषय उचलून धरला. १९८० पर्यंत बहुतेक सर्व राज्यांच्या वैद्यक संस्थांनी आपापले कार्यक्रम मंजूर केले होते, आणि १९९० मध्ये त्यांचा महासंघ झाला.

भाषेचा शिक्षक म्हणून मला या काळातील शब्दांचा प्रवास पाहण्यासारखा वाटतो. प्रथम 'आजारी' डॉक्टर. मग 'विकल' किंवा 'अक्षम' डॉक्टर, आणि समित्यांची नावेही तशीच. ज्या समितीच्या दारावर 'अक्षम' अशी पाटी आहे, तिच्या दारात कोण जाईल? म्हणून पुढे नाव झाले 'वैद्य-स्वास्थ्य कार्यक्रम'. हे केवळ सोज्वळीकरण आहे असे मला प्रथम वाटले होते. आज तसे वाटत नाही. मराठीतही 'गुप्त' आणि 'गोपनीय' या शब्दांत असेच अंतर आहे. दोन्ही एकाच धातूचे. पण गुप्तरोग म्हटले की लाज येते, गोपनीय कागद म्हटले की प्रतिष्ठा. माझा मित्र जे करीत होता ते गुप्त होते. त्याला हवे होते ते गोपनीय.

या कार्यक्रमांची रचना अशी. डॉक्टर आपण होऊन येतो, किंवा सहकारी, घरचे लोक, रुग्णालय त्याला पाठवितात. तपासणी होते, उपचार ठरतात आणि एक करार होतो, व्यसनाच्या बाबतीत बहुधा पाच वर्षांचा. त्या काळात पूर्वसूचना न देता लघवीची तपासणी, ठराविक बैठका, कामाच्या ठिकाणी लक्ष ठेवणारा एक सहकारी. जोवर करार पाळला जातो तोवर अनेक राज्यांत परवाना मंडळाला नावही कळविले जात नाही. करार मोडला आणि रुग्णांना धोका दिसला तर मात्र कळविले जाते. म्हणजे ही गोपनीयता विनाअट नाही. वेल्चच्या मैत्रीत जी अट नव्हती, ती येथे आहे.

याचा उपयोग झाला काय? २००८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक पाहणी प्रसिद्ध झाली. सोळा राज्यांच्या कार्यक्रमांत दाखल झालेल्या ९०४ डॉक्टरांच्या नोंदी तपासल्या होत्या, सर्वच व्यसनाधीन. पाच वर्षांनंतर ज्यांचा माग लागला त्यांच्यापैकी सुमारे ७८ टक्के परवाना राखून काम करीत होते. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात हा आकडा फार मोठा आहे. अर्थात ज्याला चुकल्यास आयुष्याची कमाई गमवायची आहे, त्याच्या चिकाटीची तुलना रस्त्यावरच्या बेकार माणसाशी करणे न्याय्य नव्हे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. परवान्याची टांगती तलवार डोक्यावर असताना घेतलेला उपचार हा खरोखर स्वेच्छेचा असतो काय? २०१४ मध्ये नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या लेखापरीक्षकाने तेथील कार्यक्रमाची छाननी केली. गैरवर्तनाचा पुरावा आढळला नाही, पण चुकीचे निदान झाले असे म्हणणाऱ्या डॉक्टरला दाद मागण्यास पुरेशी जागा नाही आणि गैरवर्तन झालेच तर ते उघडकीस येईल अशी व्यवस्था नाही, असा ठपका त्याने ठेवला. बंद दाराआड चालणाऱ्या कामात हे व्हायचेच. दार उघडे ठेवले तर कोणी येत नाही. बंद ठेवले तर आत काय चालले आहे ते दिसत नाही.

युरोपात मार्ग निराळा निघाला. बार्सिलोना येथील वैद्यांच्या मंडळाने १९९८ मध्ये आजारी डॉक्टरांसाठी कार्यक्रम सुरू केला. तेथे दाखल होणाऱ्या डॉक्टरला दुसरे नाव दिले जाते. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून काही वेळ बसून राहिलो. हॉल्स्टेडने जे चोरून केले, माझ्या मित्राने जे मला न विचारता केले, ते तेथे संस्थेनेच रीतसर करून ठेवले होते.

लंडनची कथा दुःखद आहे. २००० च्या ऑक्टोबरात तेथील एका तरुण मनोविकारतज्ज्ञ स्त्रीने आपल्या तीन महिन्यांच्या मुलीसह जीवन संपविले. तिला स्वतःला मनोविकार होता; व्यवसायात ते कळू नये म्हणून तिने तो वर्षानुवर्षे झाकला होता. मनोविकारतज्ज्ञालाही मनोविकाराची लाज वाटावी, यापरते काय सांगावे? २००३ मध्ये चौकशीचा अहवाल आला, आणि २००८ मध्ये लंडनच्या डॉक्टरांसाठी व दंतवैद्यांसाठी गोपनीय सेवा सुरू झाली. डॉ. क्लेअर गेराडा यांनी ती उभी केली. पुढे टप्प्याटप्प्याने ती सर्व इंग्लंडभर झाली. येथे डॉक्टर परस्पर येऊ शकतो. कोणाच्या चिठ्ठीची गरज नाही.

एवढे झाल्यावरही भीती गेली नाही. अमेरिकेत २०२० च्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या पहिल्या लाटेत, न्यूयॉर्कच्या डॉ. लॉर्ना ब्रीन यांनी आत्महत्या केली. उपचार घेतल्याचे कळले तर परवाना जाईल, ही धास्ती त्यांना होती, असे त्यांच्या घरच्यांनी सांगितले. परवान्याच्या अर्जांत कित्येक राज्ये तेव्हा विचारीत, तुम्हाला पूर्वी कधी मानसिक आजार झाला होता काय? पूर्वी कधी! असा प्रश्न विचारून प्रामाणिक उत्तराची अपेक्षा करणाराही मला थोडा भोळाच वाटतो. १८ मार्च २०२२ रोजी त्यांच्या नावाचा कायदा मंजूर झाला आणि हे प्रश्न वगळण्याची चळवळ वाढली. त्याआधी, २०१७ मध्ये, जिनिव्हाच्या प्रतिज्ञेत, म्हणजे हिपोक्रेटसच्या शपथेच्या आधुनिक रूपात, डॉक्टर आपल्या स्वतःच्या स्वास्थ्याकडेही लक्ष देईल, अशी ओळ प्रथमच घालण्यात आली.

आपल्याकडे काय? पुण्यात १९८६ मध्ये मुक्तांगण सुरू झाले, आणि व्यसन हा आजार आहे ही गोष्ट मराठी घरांत प्रथम पोचली. परंतु ते सर्वांसाठी होते, आणि तेच बरे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचाराच्या गोपनीयतेचा हक्क प्रत्येक रुग्णाला दिला. डॉक्टरही त्यात आलाच. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाचा अहवाल आला. वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मनःस्थितीची पाहणी करून पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे काम आठवड्याला ७४ तासांहून अधिक नसावे, अशी शिफारस त्याने केली. हॉल्स्टेडच्या रेसिडेंटांना हा आकडा हास्यास्पद वाटला असता. मात्र परवाना देणाऱ्या मंडळाशी कायद्याने बांधलेली आणि तरीही त्याच्यापासून नाव राखणारी व्यवस्था आपल्याकडे अजून उभी राहिलेली नाही. आपल्या गावचा डॉक्टर आजही रात्रीच्या गाडीने परगावी जातो, असे या शहरातील दोघा-तिघांनी मला खाजगीत सांगितले आहे. या सभागृहात डॉक्टर झालेले माजी विद्यार्थी बरेच आहेत. त्यांना हे माझ्याहून अधिक ठाऊक असेल.

माझ्या मित्राकडे परत येतो. उलगडा झाल्यावर मी त्याला रागाने म्हणालो, "निदान पत्ता तरी दुसरा द्यायचास." तो म्हणाला, "दुसरा पत्ता कुणाचा देऊ?" पुढली सहा वर्षे तो माझ्या नावाने मुंबईस जात राहिला. पत्रे माझ्या घरी येत, मी ती त्याला नेऊन देई. पत्नीला सर्व ठाऊक होते. तिने ते कोणापाशी काढले नाही. एकदा पत्रात पथ्याच्या सूचना होत्या, रात्रीचे जागरण टाळावे वगैरे, तर तिने मलाच त्या काही दिवस पाळावयास लावल्या.

काही वर्षांपूर्वी मुंबईस गेलो असता त्या रस्त्यावरून जाण्याचा योग आला. दवाखाना आता त्या मनोविकारतज्ज्ञांची मुलगी चालविते. आत जाऊन ती जुनी फाईल मागावी, असे क्षणभर मनात आले. नाव माझे, पत्ता माझा, व्यवसायाच्या रकान्यात 'प्राध्यापक'. माझाच कागद मला मिळण्यास अडचण नव्हती. स्वागतकक्षातील मुलीने विचारले, "काका, अपॉइंटमेंट आहे का? नाव काय?" मी म्हणालो, चुकून आलो, आणि जिना उतरलो.